थोरल्या विहिरीची जुळवणी

सावेडीत माझं झेरॉक्सचं आणि नकाशे छापायचं दुकान आहे. त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर शामकांत सरांचं मोजणीचं ऑफिस. सर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, घरी बसून कंटाळले आणि त्यांनी हे ऑफिस काढलं. वर एकूण चार माणसं. दोघं यंत्र घेऊन गावोगाव हिंडतात, सर सह्या करतात आणि फोनवर भांडतात, आणि चौथ्या हेलनताई मकासरे. त्या दिवसभर भिंतीकडं तोंड करून संगणकापुढं असतात. खिडकीकडं तोंड केलं की पडद्यावर उजेड पडतो आणि बारीक ठिपके दिसत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचे वडील आमोस मकासरे नगरच्या एका शाळेत शिपाई होते. मूळ गाव राहुरीकडचं, पण शेती नावालाच होती. दहावी झाल्यावर हेलनताईंनी आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला. वर्गात तीन मुली होत्या, त्यातल्या दोघींनी पुढं शिलाईची कामं धरली. ह्या मात्र एका आर्किटेक्टकडं लागल्या आणि नऊ वर्षं लोकांच्या बंगल्यांचे जिने, ओटे, देवघरं काढत राहिल्या. नवरा रॉबिन दवाखान्यात एक्स-रे काढतो. मुलगी मरिया सातवीत. रविवारी चर्चच्या गायनात ताई दुसऱ्या आवाजात गातात. सहा वर्षांपूर्वी त्या सरांकडं आल्या, आणि तिथं त्यांना हे ठिपक्यांचं काम मिळालं.

हे काम मला कळायला दोन वर्षं गेली, म्हणून सोपं करून सांगतो. यंत्र हातात मावेल एवढं असतं. त्याचं डोकं गरगर फिरतं आणि चहूकडं लेसरचे किरण सोडतं. किरण समोरच्या वस्तूवर आपटून परत आला की ती वस्तू किती लांब आहे ते कळतं आणि तिथं एक ठिपका पडतो. अशा लाखो ठिपक्यांतून भिंत दिसते, झाड दिसतं, खांब दिसतो. पण एका जागेवरून वस्तूची एकच बाजू दिसते. म्हणून आठ-दहा जागांवरून मोजायचं. मग आठ-दहा ठिपक्यांचे ढग होतात, प्रत्येक ढग आपापल्या दिशेला तोंड करून बसलेला. ते सगळे एकमेकांत अचूक बसवायचे. यालाच ऑफिसात जुळवणी म्हणतात.

हेलनताई आधी दोन ढग हातानं जवळ आणतात, कोपऱ्याला कोपरा लावून. मग प्रोग्रॅमला सांगतात, आता तू बसव. प्रोग्रॅम या ढगातल्या प्रत्येक ठिपक्याला त्या ढगातला सगळ्यांत जवळचा ठिपका शोधतो, सगळा ढग जरासा सरकवतो, पुन्हा शोधतो, पुन्हा सरकवतो. दोन्हींतलं अंतर कमीत कमी झालं की थांबतो. त्याआधी नको ते ठिपके पुसायचे असतात. कुत्री, पक्षी, रस्त्यानं गेलेली मोटरसायकल. हे पुसायचं काम ताई इतकं मन लावून करतात, की सर एकदा म्हणाले होते, "हेलनकडनं सुटलेला ठिपका मी अजून पाहिला नाही."

देवळाली प्रवराच्या पलीकडं चिंचाळवाडी म्हणून गाव आहे. तिथं शाळेजवळ एक जुनी गोल विहीर आहे, गाव तिला थोरली विहीर म्हणतं. खाली खडकात खोदलेली, वर घडीव दगडांनी बांधून काढलेली. दक्षिणेला खडकातच कोरलेल्या पायऱ्या आणि त्याच खडकावर मोटारीची सिमेंटची खोली. उत्तरेच्या काठाला अगदी चिकटून गावाचा डांबरी रस्ता, आणि गळीत हंगामात त्याच रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर कारखान्याला जातात. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये त्या रस्त्याला विहिरीच्या बाजूनं लांबच लांब भेग पडली. कुणी म्हणालं विहीर ढासळणार, कुणी म्हणालं उन्हानं डांबर फाटलंय. ग्रामसभेत बरंच बोलणं झालं. शेवटी ठरलं, की पावसाळ्याआधी एकदा विहीर मोजायची, पावसाळ्यानंतर पुन्हा मोजायची आणि भिंत हलली का ते बघायचं. हलली नसेल तर रस्ता चालू. काम सरांकडं आलं.

मे महिन्यातली मोजणी नीट झाली. ऑफिसातल्या यंत्रवाल्या दोघांनी विहिरीत आणि काठावर खिळे ठोकून त्यांवर पांढरे गोळे बसवले होते. असे गोळे सगळ्या ढगांत ठळक दिसतात, त्यांच्या आधारानं जुळवणी पक्की होते. त्या मोजणीत एक म्हातारी पाच ठिकाणी उभी होती. यंत्र फिरत असताना ती प्रत्येक वेळी नवीन जागी येऊन बघत राहिली. कमरेत वाकलेली, हातात काठी. हेलनताईंनी तिला पाचही ठिकाणांहून पुसलं. तिचं नाव दगडाबाई, हे त्यांना नंतर कळलं.

ऑक्टोबरमधली मोजणी मात्र घाईची झाली. पाऊस भरपूर झालेला, विहीर निम्म्यावर भरलेली. गोळ्यांचे दोन खिळे पाण्याखाली गेले होते, एकाला कुणीतरी म्हैस बांधली होती आणि तो उपटून आला होता. दक्षिणेच्या भिंतीवर झुडपं माजलेली, उरलेले खिळे त्यांत हरवलेले. दोघांनी होतं तसं मोजून आणलं. आता मे महिन्याच्या ढगावर ऑक्टोबरचा ढग गोळ्यांशिवायच बसवायचा होता.

त्या दिवशी मरियाला ताप होता आणि रॉबिनची दुपारपाळी होती. हेलनताईंनी मोटारीच्या खोलीवरून दिशा लावून घेतली, प्रोग्रॅम चालवला आणि आकडा पाहिला. कुठंही तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक नव्हता. आमचं यंत्रच मुळात दोन-तीन सेंटिमीटर इकडंतिकडं करतं. त्यांनी अहवालात लिहिलं, "भिंतीची लक्षणीय हालचाल आढळून आली नाही." सरांनी सही केली. मी निळं कव्हर घालून पाच प्रती बांधल्या आणि ताई चारच्या आत घरी गेल्या.

चार दिवसांनी चिंचाळवाडीचे सरपंच गोरक्ष यांचा सरांना फोन आला. पंचायतीच्या फळ्यावर लावायला एक मोठं रंगीत चित्र हवं होतं. "लोकं आकडं वाचीत न्हाईत, सर. रंगात दावा, हिरवं दिसलं की गप बसत्यात." सरांनी हेलनताईंना सांगितलं. शनिवारची दुपार होती.

चित्रात जिथं हालचाल नाही तिथं हिरवा, थोडी असेल तिथं पिवळा, जास्त असेल तिथं लाल असे रंग द्यायचे होते. पहिल्यांदा सगळंच हिरवं आलं. जरा उठाव यावा म्हणून ताईंनी रंगांची मर्यादा कमी केली. तेव्हा उत्तरेची भिंत नारिंगी झाली. तिथपर्यंत त्यांना काही वाटलं नाही. पण समोरची, दक्षिणेची भिंतही नारिंगी झाली. मोटारीची अख्खी खोली नारिंगी झाली, वरपासून खालपर्यंत एकसारखी. आणि पाण्याबाहेर राहिलेल्या चार पायऱ्यासुद्धा.

त्या पायऱ्या खडकात कोरलेल्या होत्या. चित्र सांगत होतं, की खडक तीन सेंटिमीटर उत्तरेला सरकलाय.

खडक सरकत नाही. म्हणजे ढग सरकला होता, आणि तो प्रोग्रॅमनं सरकवला होता. मग ताईंनी दुसरी एक गोष्ट केली. दोन ढग एकमेकांवर ठेवायचे सोडून दिले आणि प्रत्येक ढगात विहिरीची रुंदी वेगळी मोजली. त्याला जुळवणी लागतच नाही. पूर्व-पश्चिम दोन्ही वेळा सारखीच भरली. उत्तर-दक्षिण मे महिन्यात बारा मीटर चौऱ्याऐंशी सेंटिमीटर होती, ऑक्टोबरमध्ये बारा मीटर अठ्ठ्याहत्तर. त्यांनी वेगवेगळ्या दगडांवरून चार वेळा मोजलं. सहाच्या आसपासच येत राहिलं. उत्तरेची भिंत सहा सेंटिमीटर आत आली होती, आणि त्यांच्या जुळवणीनं त्यातले तीन तिच्या नावावर आणि तीन समोरच्या निर्दोष भिंतीच्या नावावर टाकले होते.

हे त्यांनी त्या दिवशी कुणालाच सांगितलं नाही. संगणक बंद केला, माझ्या दुकानावरून खाली मान घालून गेल्या. मी "चित्र छापायचं का?" म्हणून विचारलं तर "सोमवारी बघू" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये गायनाला उभ्या राहिल्या. ओठ हलवले, पण आवाज काही फुटला नाही. शेजारच्या बाईनं विचारलं, घसा बसला का. उपासना संपल्यावर आवारातूनच त्यांनी सरांना फोन लावला आणि तासाभरात दोघं ऑफिसात आले. दिवाळीच्या छपाईसाठी माझं दुकान उघडं होतं. कुलपाची किल्ली माझ्याकडं असते, ती द्यायला मी वर गेलो आणि तिथंच उभा राहिलो.

"सर, चिंचाळवाडीचा अहवाल चुकलाय," हेलनताई म्हणाल्या.

"किती?"

"सहा सेंटिमीटर. उत्तरेची भिंत पुढं आलीये."

"यंत्र चुकलं?"

"नाही. मी चुकले."

सर खुर्चीत बसले. "हेलन, सही माझी आहे त्याच्यावर."

"म्हणून तर आधी तुम्हाला सांगितलं."

त्यांनी पडदा सरांकडं वळवला आणि पायऱ्या दाखवल्या. सरांना फार सांगावं लागलं नाही. तीस वर्षं कालवे मोजलेला माणूस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तुला हे कळलं कधी?"

"काल दुपारी. चारच्या सुमाराला."

"आणि आज बाराला सांगतेस?" सरांचा आवाज एकदम चढला. मी त्यांना फोनवर ओरडताना पुष्कळदा ऐकलंय, पण हेलनताईंवर कधीच नाही. "अगं, रस्ता चालू आहे तो! ऊसतोडीच्या टोळ्या यायला लागल्यात. कालपासून आत्तापर्यंत तिथून कोण कोण गेलं असेल?"

"मला खात्री करून घ्यायची होती, सर."

"खात्री अशी एकट्यानं घरी घेऊन जायची नसते. फोन करायचा आणि मग दोघांनी मिळून खात्री करायची."

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या मान खाली न घालता म्हणाल्या, "हो. ते दुसरं चुकलं."

सर उठले. कपाटातून तीस मीटरचा पोलादी फिता काढला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "तुझी व्हॅन आहे ना खाली?"

आम्ही तिघं निघालो. मनमाड रोड नेहमीसारखाच उखडलेला. सरांनी सरपंचांना फोन लावला, तो लागला नाही. चिंचाळवाडीला पोचलो तेव्हा तीन वाजले होते. विहिरीपाशी आलो आणि मला एक गंमत वाटली. हेलनताई त्या गावात आयुष्यात पहिल्यांदाच येत होत्या, पण तिथल्या माणसासारख्या सरळ चालत गेल्या. "कडी इथं असेल," म्हणाल्या, आणि खरंच उत्तरेच्या काठाखाली दुसऱ्या थरात एक लोखंडी कडी होती. "समोरच्या भिंतीत तिच्याच पातळीला कोपरा तुटलेला दगड आहे." तोही होता. मात्र काठावरून त्यांना वाकवेना. खाली हिरवंगार पाणी. त्यांना चक्कर यायला लागली तशा त्या ओढणी कमरेला बांधून सरळ पालथ्या झोपल्या आणि हात खाली सोडून फित्याचं टोक कडीशी धरलं. पलीकडं सरांनी फिता ताणला. मी आकडा वाचायला.

बारा मीटर अठ्ठ्याहत्तर. पुन्हा ताणला, पुन्हा तेवढाच. मे महिन्याच्या ढगात कडी ते तुटका दगड हेच अंतर बारा मीटर चौऱ्याऐंशी होतं, हे ताईंनी कागदावर लिहून आणलं होतं.

तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारी आली. हेलनताई उठून बसल्या आणि तिच्याकडं बघतच राहिल्या. चेहरा नव्हता माहीत, पण तो वाक आणि ती काठी त्यांनी पाच वेळा पुसली होती.

"काय पडलं का बाई हिरीत?" दगडाबाईनं विचारलं.

"नाही आजी, मोजतोय. ही भिंत पुढं आलीये असं वाटतंय."

"आलीच हाय की. ती कडी पयली अशी तोंड वर करून न्हवती." मग तिनं काठीनं रस्त्याची कड दाखवली. "आन हितलं गवात बगा. उन्हाळ्यात समदं रान वाळून जातं, पन हे वाळत न्हाई. दोन वरसं झाली. माजी शेळी हितंच चरती."

सरांनी चपलेच्या टाचेनं माती उकरली. वरचा थर कोरडा होता, पण चार बोटं खाली चिखल लागला. पाऊस उघडून पंधरा दिवस झाले होते.

"इथून काही पाइप जातो का आजी?" सरांनी विचारलं.

"गावच्या टाकीचा जातोय की. रस्त्याच्या बुडातून."

"हे तुम्ही कुणाला सांगितलं होतं का?"

"इचारलं कोनी?" दगडाबाई म्हणाली. "ती दोगं यंत्र घिऊन आल्ती, ती म्हनायची बाजूला व्हा आजी, बाजूला व्हा."

सरपंच संध्याकाळी घरी भेटले. त्यांना राग आला यात नवल नव्हतं. आठ दिवसांवर हंगाम आलेला. दुसऱ्या रस्त्यानं कारखान्याला जायचं तर चार किलोमीटरचा फेरा आणि मध्ये चढ. "परवा तुमीच लिहून दिलं, काय झालं न्हाई म्हनून. आता तुमीच म्हनता रस्ता बंद करा. मी गावाला काय सांगू?"

"गावाला आम्ही सांगतो," सर म्हणाले. "तुम्ही फक्त माणसं जमवा. आणि तोवर जड वाहन सोडू नका."

मंगळवारी शाळेच्या वर्गात माणसं जमली. सर बोलायला उठणार, तर हेलनताई म्हणाल्या, "मी सांगते सर." त्यांनी खडू हातात घेतला.

पहिल्याच बाकावर कल्याण नावाचा ट्रॅक्टरवाला बसला होता. त्यानं सुरुवातीलाच विचारलं, "मॅडम, एकच सांगा. यंत्र चुकलं का तुमी?"

"मी चुकले. यंत्रानं मोजलं ते बरोबर होतं. मी ते बसवलं चुकीचं."

वर्गात कुजबूज झाली. बहुतेकांना वाटलं होतं, यंत्रावर ढकलतील. ताईंनी फळ्यावर मुलांच्या दोन रांगा काढल्या, एक भिंतीकडं, एक दाराकडं, तोंडं समोरासमोर.

"समजा मे महिन्यात या मुलांचा वरून फोटो काढला. ऑक्टोबरमध्ये दुसरा काढला. मधल्या काळात भिंतीकडची रांग एक पाऊल पुढं आली. दाराकडची जागेवरच राहिली. आता मला हे दोन फोटो एकावर एक ठेवायचेत. मी म्हटलं, दोन्ही रांगा जमतील तेवढ्या जवळ बसू देत. मग काय होतं? दुसरा फोटो अर्धं पाऊल मागं सरकून बसतो. मग दिसतं असं, की दोन्ही रांगा अर्धं अर्धं पाऊल हलल्यात. अर्ध्या पावलाला काय महत्त्व द्यायचं, म्हणून मी लिहून दिलं की कुणीच हललं नाही."

"आन खरं कसं करायचं हुतं?" मागून कुणीतरी विचारलं.

"दाराची चौकट धरायची होती. चौकट जागची हलत नाही. आधी चौकटीवर चौकट बसवायची, मग बघायचं कोण हललं. तुमच्या विहिरीला पायऱ्यांचा खडक ही चौकट आहे. मी ती धरली नाही."

कल्याण म्हणाला, "म्हंजी अंदाजच की."

"परवा फित्यानं मोजलंय. सर होते, हे दादा होते. तुम्ही या, तुमच्या हातानं मोजा."

कुणी मोजायला गेलं नाही. पण सरपंचांनी मुरमाचे दोन ढीग टाकून विहिरीजवळचा रस्ता बंद केला. नाखुशीनं का होईना, केला. दगडाबाईचं ऐकून टाकीचं पाणीही दिवसाआड सोडायला लागले.

त्यानंतर तीन आठवडे काहीच झालं नाही, आणि तेच हेलनताईंना जड गेलं. हंगाम सुरू झाला. ट्रॅक्टर चढावर अडकू लागले. एक दिवस कल्याणनं मुरमाचा ढीग बाजूला केला आणि रिकाम्या दोन ट्रॉल्या घेऊन विहिरीच्या काठावरून आरामात निघून गेला. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. "बघा, मॅडमची विहीर" असं लिहून तो गावभर फिरला आणि फिरत फिरत आमच्या ऑफिसपर्यंत आला. ताईंनी तो माझ्याच मोबाईलवर पाहिला.

"दादा, भिंत नाही पडली तर मला बरंच वाटेल," त्या म्हणाल्या. मोबाईल परत देत म्हणाल्या, "पण लोक पुन्हा मोजणीवर विश्वास ठेवणार नाहीत."

रॉबिननं त्यांना एकदाच विचारलं होतं, की पहिला अहवाल तसाच राहिला असता तर कुणाला कळलं असतं का. त्या म्हणाल्या, मला कळलं होतं ना. हे मला रॉबिननंच सांगितलं.

नोव्हेंबरच्या शेवटी तिसरी मोजणी झाली, आणि ह्या वेळी हेलनताई स्वतः गेल्या. गोळे कुठं बसवायचे ते त्यांनीच ठरवलं. तीन पायऱ्यांच्या खडकात, दोन मोटारीच्या खोलीवर, दोन शाळेच्या जोत्यावर. उत्तरेच्या भिंतीवर एकही नाही. एकेका गोळ्यापाशी उभं राहून सरांनी विचारलं, "हा का?" आणि ताईंनी उत्तर दिलं. रब्बीचं पाणी सुरू झाल्यामुळं विहीर बरीच उपसली होती. आतून पाण्याचा दाब गेला होता, बाहेरून ओल्या मातीचा दाब तसाच होता.

नुसत्या गोळ्यांवर जुळवणी केली तेव्हा पायऱ्या हिरव्या, खोली हिरवी, दक्षिणेची भिंत हिरवी. उत्तरेला मध्यभागी लालभडक पोट. मे महिन्यापासून अकरा सेंटिमीटर, म्हणजे पाच आठवड्यांत आणखी पाच. फित्यानंही तेच सांगितलं. हेलनताईंनी संध्याकाळ व्हायची वाट पाहिली नाही, तिथूनच सरपंचांना फोन केला.

हा अहवाल घेऊन सर जिल्ह्याच्या बांधकाम अभियंत्यांना भेटले. आठवड्यात माणसं आली, पाइपाचं पाणी बंद केलं आणि भेगेच्या बाजूनं डांबर कापलं. दीड हात खाली पहार गेली ती गेलीच. डांबराच्या खाली, भिंतीच्या पाठीशी, माणूस उकिडवा बसेल एवढी पोकळी होती. पाइपाचा सांधा गळत होता आणि दोन वर्षं मातीचा कण न् कण दगडांच्या फटींतून विहिरीत वाहून जात होता. गाव बघायला लोटलं. कल्याणही आला, त्यानं वाकून आत पाहिलं आणि तिथून निघून गेला. नंतर एकदा कारखान्यावर तो सरांना भेटला तेव्हा म्हणाला, "त्या दिशी मी रिकामा गेल्तो म्हनून. भरून गेलो असतो तर..."

उत्तरेची भिंत वरून सहा थर उतरवून पुन्हा बांधली. फेब्रुवारीत काम संपलं. सरपंच गोरक्ष यांनी माफी वगैरे मागितली नाही, मागायचं कारणही नव्हतं. पंचायतीच्या फळ्यावर तिसऱ्या मोजणीचं रंगीत चित्र मात्र लावलं. तालुक्यातल्या आणखी चार गावांनी जुन्या विहिरींचं काम दिलं. पहिला अहवाल सरांनी फाडला नाही. त्यावर लाल शाईनं "रद्द" लिहिलं, तारीख घातली आणि फाइलला लावून ठेवला.

ऑफिसात दोन गोष्टी बदलल्या. प्रत्येक अहवालाच्या दुसऱ्या पानावर आता एक तक्ता येतो, न हललेल्या वस्तू कोणत्या धरल्या आणि का धरल्या. आणि सरांच्या सहीच्या खाली एक ओळ वाढली आहे, जुळवणी : हेलन मकासरे. ती ओळ पहिल्यांदा छापली तेव्हा ताईंनी मला थांबवून विचारलं, अक्षर जरा मोठं झालंय का. मी म्हटलं, सरांच्या नावाएवढंच आहे.

या जानेवारीत पाथर्डीकडं एका पाझर तलावाचा बांध मोजायचं काम आलं. यंत्रवाल्या दोघांनी तिथून फोन केला, की इथं धरायला काहीच नाही. खडक नाही, खोली नाही, सगळी माती. हेलनताईंनी विचारलं, "मंदिर? पूल? जुना मैलाचा दगड?" काही नव्हतं. मग त्या स्वतः जाऊन आल्या, बांधापासून लांब कठीण मुरूम शोधला आणि तिथं काँक्रीटचे चार ठेंगणे खांब घालायला लावले. काम देणारे म्हणत होते दोन दिवसांत मोजा. ताई म्हणाल्या, खांब पक्के होऊ देत. एकवीस दिवस थांबल्या. बाविसाव्या दिवशी सकाळी माझ्या दुकानावरून जाताना त्यांच्या पाठीला मरियाचं जुनं दप्तर होतं, गोळ्यांनी गच्च भरलेलं. सातची पाथर्डी गाडी धरायची होती, म्हणून चहालाही थांबल्या नाहीत.